दोन्ही काठांचा रोष झेललेल्या पंडिता रमाबाई

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातील ज्या सुशिक्षित हिंदूंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यांना बहुधा घर, जात आणि जिवाभावाची माणसे यांना मुकावे लागले. पंडिता रमाबाईंवर हा प्रसंग आला, तेव्हा त्यांच्याजवळ गमावण्यासारखे घर उरलेच नव्हते. उरली होती ती स्वतःची विवेकबुद्धी. पुढे तिच्यावरच दोन्ही बाजूंनी हक्क सांगितला गेला.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात झाला. पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांना शास्त्रीमंडळींचा विरोध सोसावा लागला होता. पुराणे सांगत तीर्थयात्रा करणाऱ्या या कुटुंबाला दुष्काळाने गाठले. आईवडील आणि थोरली बहीण गेली. भाऊ श्रीनिवास याच्यासह पायी देश तुडवीत रमाबाई १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्यांनी गौरविले. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी जातीची मर्यादा ओलांडून बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी विवाह केला. १८८२ मध्ये पतीही पटकीने गेले. पदरी तान्ही मनोरमा घेऊन रमाबाई पुण्यास आल्या आणि त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला.

पुढल्या वर्षी त्या इंग्लंडला गेल्या. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मण विदुषीने धर्म सोडला, या वार्तेने पुण्यात संताप उसळला. कालपर्यंत ज्यांनी त्यांच्या विद्वत्तेचे पोवाडे गायिले, त्यांपैकी अनेकांनी तोंड फिरविले. महात्मा जोतीराव फुले मात्र ‘सत्सार’ लिहून त्यांच्या पाठीशी उभे राहिले.

नव्या धर्मातही त्यांना मोकळा श्वास सहज मिळाला नाही. त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी त्या गुरुस्थानी असलेल्या जोगिणींना प्रश्न विचारीत. शाकाहार त्यांनी सोडला नाही. पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा ती त्यांना पटली नाही. प्रभू येशूला शरण जाताना आपण कोणा धर्माधिकाऱ्याला आपले मन विकलेले नाही, ही त्यांची भूमिका अखेरपर्यंत टिकली.

अमेरिकेत मदत मिळवून त्यांनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदासदन उघडले. पुढे ते पुण्यास हलविले. तेथे मुलींना आपापले आचार पाळण्याची मुभा होती आणि धर्मशिक्षण दिले जात नव्हते. परंतु रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. हे दार लावून घेण्यास त्या तयार नव्हत्या. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. पालकांची भीती अगदीच निराधार नव्हती, कारण पुढे काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला. तरी त्या काढून नेलेल्या मुलींपुढे पुन्हा तेच केशवपन आणि तोच अंधारा कोपरा होता, याचा विचार त्या गदारोळात फारसा झाला नाही.

रमाबाई डगमगल्या नाहीत. दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून, आणि १९०० मध्ये गुजरातेतून, उपाशी निराधार मुली केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या. विणकाम, शेती, छपाई अशी कामे शिकवून त्यांना पायांवर उभे केले. दुसरीकडे शारदासदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्येच पुनर्विवाह केला होता. तीन वर्षांनी कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. रमाबाईंना दूर लोटणाऱ्या पुण्यातच त्यांचे कार्य अशा रीतीने दुसऱ्या वाटेने रुजले.

मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. १९२१ मध्ये मनोरमाबाई निवर्तल्या. मुलीचे दुःख उरात ठेवून त्या भाषांतराच्या कामात राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांची प्राणज्योत मालवली. मुक्तिसदनातील स्त्रियांच्या हातांनी जुळविलेल्या खिळ्यांनी ते भाषांतर छापले गेले.