धर्मानंद कोसंबी : प्रमाणपत्र नसलेला प्राध्यापक



शाळेत नवीन शिक्षक रुजू झाले की गावात पहिला प्रश्न काय असतो, तुम्हाला माहीतच आहे. किती शिकलेत? डीएड की बीएड? टीईटी पास आहेत का? इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तर पालक हे फाटकातच विचारतात. विचारण्यात काही चूक नाही. आपलं लेकरू ज्याच्या हाती द्यायचं, त्याची चौकशी करायलाच हवी. पण ज्या माणसाकडे दाखवायला एकही कागद नाही, त्याची पारख कशी करायची? आणि तो माणूस परदेशातल्या नामांकित विद्यापीठात काम करायला गेला असेल, तर तिथले सहकारी त्याला कोणत्या रांगेत बसवतील? आज ज्यांच्याबद्दल लिहितेय, त्या धर्मानंद कोसंबींच्या आयुष्यात हा प्रश्न फार मोठा होऊन आला.

धर्मानंदांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातल्या साखवाळ गावी झाला. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. घर नारळाच्या बागायतीवर चालायचं. गावातल्या शाळेत मराठीचं शिक्षण झालं तेवढंच. तब्येत नाजूक, घरची ओढाताण, त्यामुळे पुढची शाळा राहूनच गेली. लहान वयात बाळाबाईंशी लग्न झालं. हा मुलगा नारळ मोजत गावातच म्हातारा झाला असता तरी कुणाला नवल वाटलं नसतं.

पण वाचनाची खोड होती. विनायक कोंडदेव ओक ‘बालबोध’ नावाचं मुलांचं मासिक काढत. त्यात त्यांनी गौतम बुद्धाचं चरित्र वाचलं आणि ते त्यांच्या मनातून गेलंच नाही. बघा, मुलांचं मासिक बरं का! वाचनकोपरा सजवताना आपण जी पुस्तकं किरकोळ म्हणून खालच्या फळीवर टाकतो ना, तसल्यातलं एक. बुद्धाबद्दल आणखी जाणून घ्यायचं तर कोणाला विचारायचं? गोव्यात सांगणारं कुणी नव्हतं. मग १८९९ च्या अखेरीस ते घराबाहेर पडले. मुलगी माणिक तेव्हा तान्ही होती.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. त्यांची चरित्रं लिहिणारे या वळणावरून भराभर पुढे जातात. पण घरी बाळाबाई होत्या, मांडीवर मूल होतं आणि नवरा कधी परत येईल याची खात्री नव्हती. ज्ञानासाठी घर सोडलेल्यांच्या गोष्टी आपण वर्गात रंगवून सांगतो. मागे राहिलेल्या बाईने त्याची काय किंमत दिली, तेही सांगायला हवं असं मला वाटतं. सातवी-आठवीच्या मुली तर हा प्रश्न हमखास विचारतात.

आधी ते पुण्याला गेले. तिथे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. पुढे ग्वाल्हेर आणि मग काशी. काशीत अन्नछत्रात जेवायचं आणि शास्त्रीबुवांकडे संस्कृत व्याकरण घोकायचं, असा दिनक्रम होता. जवळ पैसा नव्हता आणि त्यात प्लेगची साथ. नेपाळात बौद्ध धर्म जिवंत आहे असं ऐकलं म्हणून तिकडे गेले, पण जे शोधत होते ते काही मिळालं नाही. मग बोधगया. तिथे कळलं की बुद्धाचे मूळ ग्रंथ शिकायचे असतील तर सिंहलद्वीपाला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला जायला हवं. १९०२ मध्ये ते कोलंबोच्या विद्योदय परिवेणात पोचले. सुमंगलाचार्यांकडे पाली शिकू लागले आणि श्रामणेर झाले. त्यानंतर ब्रह्मदेशात राहिले.

या सगळ्या वर्षांत त्यांनी कोणती परीक्षा दिली? एकही नाही. पण शिकले काय ते बघा. पाली ग्रंथ त्या काळी हिंदुस्थानात नागरी लिपीत जवळजवळ मिळतच नसत. श्रीलंकेत सिंहली लिपी, ब्रह्मदेशात ब्रह्मी म्हणजे बर्मी लिपी, सयाममध्ये तिसरीच. शब्द तोच, अक्षरं मात्र वेगळी. आपल्याला दुसरीच्या मुलाला जोडाक्षर समजावताना घाम फुटतो! हा माणूस तिशीच्या आत एकाच भाषेच्या तीन-चार लिप्या वाचत होता आणि ग्रंथांवरच्या टीका गुरूंच्या तोंडून ऐकत होता. ज्या देशांत ही विद्या टिकून होती तिथेच जाऊन, ती सांभाळणाऱ्यांच्या पायाशी बसून ते शिकले. आपल्याकडे तेव्हा पालीची पदवी देणारं होतंच कोण? त्यामुळे त्यांच्याकडे पदवी नव्हती असं म्हणताना हेही लक्षात घ्या, की जी पदवी घ्यावी अशी पदवीच फारशी नव्हती.

१९०६ मध्ये ते कलकत्त्याला आले. स्वदेशीच्या चळवळीतून तिथे राष्ट्रीय महाविद्यालय उभं राहिलं होतं. तिथे ते पाली शिकवू लागले. पुढे कलकत्ता विद्यापीठानेही त्यांना पालीचं काम दिलं. तेव्हा आशुतोष मुखर्जी कुलगुरू होते. कागद न बघता माणूस बघणारा अधिकारी कधीमधी मिळतो, तो असा. पण धर्मानंदांचं मन महाराष्ट्रात ओढ घेत होतं. आपल्या लोकांना आपल्या भाषेत बुद्ध सांगायचा होता. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड यांनी महिना ५० रुपये देऊ केले. अट एवढीच की महाराष्ट्रात कुठेही राहावं आणि वर्षाला एक पुस्तक लिहावं. कलकत्त्याची चांगल्या पगाराची नोकरी सोडून त्यांनी हे ५० रुपये घेतले. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक १९१० मध्ये आलं, ते बडोद्यातल्या व्याख्यानांतून.

त्याच सुमाराला अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाचे जेम्स वुड्स हिंदुस्थानात आले होते. तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, योगसूत्रांचे अभ्यासक. त्यांना पाली जाणणारा माणूस हवा होता. त्यांच्या बोलावण्यावरून १९१० मध्ये धर्मानंद समुद्र ओलांडून अमेरिकेला गेले. साखवाळच्या शाळेतून थेट हार्वर्ड. मध्ये ना हायस्कूल, ना कॉलेज.

काम काय होतं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं भांडण त्याच्यावरूनच झालं. पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी श्रीलंकेत ‘विसुद्धिमग्ग’ नावाचा मोठा ग्रंथ लिहिला. शील, समाधी आणि प्रज्ञा यांची सगळी वाट त्यात दाखवली आहे. हेन्री क्लार्क वॉरन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने त्याची शुद्ध प्रत तयार करायला घेतली होती. हा वॉरनही विलक्षण माणूस. लहानपणी पडल्यामुळे पाठीचा कणा दुखावलेला. बसणं जमेना म्हणून उंच मेजाशी उभा राहून काम करायचा. ‘हार्वर्ड ओरिएंटल सिरीज’ ही ग्रंथमाला उभी राहिली ती त्याच्या पैशातून आणि त्याचे गुरू, संस्कृतचे प्राध्यापक चार्ल्स लॅनमन यांच्या कष्टांतून. पण १८९९ मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीच्या आत वॉरन गेला. विसुद्धिमग्ग अर्धवट राहिला.

ते हस्तलिखित धर्मानंदांच्या पुढ्यात आलं. वेगवेगळ्या प्रतींतले पाठ ताडून बघायचे, चुकलेला शब्द ओळखायचा, बुद्धघोषांनी जुन्या ग्रंथांतून घेतलेली वचनं मूळ कुठली ते शोधायचं. आपण उत्तरपत्रिका तपासतो तशातलं हे काम नाही. इथे उत्तरपत्रिका पंधराशे वर्षांची आणि आदर्श उत्तर कुणाकडेच नाही. ते शोधायला सगळं पाली वाङ्मय जिभेवर असावं लागतं. धर्मानंदांच्या ते होतं.

आणि नेमकं इथेच बिनसलं. ग्रंथ छापताना नाव कोणाचं आणि कसं घालायचं? लॅनमन यांना वॉरनचं नाव मोठं हवं होतं आणि धर्मानंदांचं स्थान दुय्यम, मदतनिसासारखं ठेवायचं होतं. धर्मानंदांना हे मान्य नव्हतं. केलेल्या कामाचं श्रेय कामाच्या मापाने मिळावं, एवढंच त्यांचं म्हणणं. वाद चिघळला. वुड्स दोघांच्या मध्ये पडले, पण काही जमलं नाही. १९१२ मध्ये काम तसंच टाकून धर्मानंद परतले.

आता लॅनमन यांना एकदम खलनायक करू नका, ही माझी विनंती. आपल्या लाडक्या शिष्याचं अपुरं राहिलेलं काम त्याच्याच नावाने जगासमोर यावं असं वाटणारा गुरू वाईट कसा म्हणायचा? वॉरनने खरोखर वर्षानुवर्षं, दुखऱ्या पाठीने ते काम केलं होतं. पण मला एक शंका येते. समोर बसलेला माणूस ऑक्सफर्डचा किंवा जर्मनीचा पदवीधर असता, त्याच्या नावामागे अक्षरांची शेपटी असती, तर त्याला मदतनीस म्हणायचं धाडस झालं असतं का? गुलाम देशातून आलेला, कॉलेज न पाहिलेला माणूस म्हटलं की त्याचं ज्ञान उपयोगाचं वाटतं, त्याचा अधिकार मात्र डोळ्यांत भरत नाही. माहिती सांगणारा पंडित वेगळा आणि विद्वान वेगळा, अशी वाटणी त्या काळी पाश्चात्त्य विद्यापीठांत सर्रास चालायची. मला हे भांडण त्या वाटणीचं वाटतं. तुम्हाला वेगळं वाटलं तर जरूर सांगा.

परत आल्यावर सहा वर्षं, १९१८ पर्यंत, त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवलं. मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात पाली यावी म्हणून भांडारकरांसोबत त्यांनी खटपट केली होती. आता तिचे विद्यार्थीही तेच घडवू लागले. चिं. वि. राजवाडे, ना. का. भागवत, पु. वि. बापट हे त्यांचे शिष्य. यातल्या बापटांचं पुढे काय झालं ते ऐका. त्यांनी हार्वर्डची डॉक्टरेट मिळवली, आणि विषय होता विमुत्तिमग्ग आणि विसुद्धिमग्ग या दोन ग्रंथांची तुलना! ज्या ग्रंथावर गुरूच्या नावाचा वाद झाला, त्याच्यावर शिष्य डॉक्टर झाला. गुरू शेवटपर्यंत बिनपदवीचाच.

हार्वर्डचं दार बंद झालं नाही, हेही सांगितलं पाहिजे. १९१८ मध्ये बोलावणं आलं तेव्हा ते माणिक आणि दामोदर या मुलांना घेऊन गेले. दामोदर तेव्हा अकरा वर्षांचा. हाच पुढचा गणितज्ञ आणि इतिहासकार दा. ध. कोसंबी. धर्मानंद १९२२ पर्यंत तिथे राहिले. १९२६ आणि १९३१ मध्ये पुन्हा गेले. मधल्या काळात महात्मा गांधींच्या गुजरात विद्यापीठात शिकवलं. १९२९ मध्ये रशियात लेनिनग्राडला जाऊन पाली शिकवली. राग धरून बसले असते तर ग्रंथ कायमचा अडकला असता. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगातही जाऊन आले. मुंबईत परळला १९३७ मध्ये बहुजन विहार उभारला. पुस्तकी पंडित म्हणून त्यांना बाजूला ठेवता येत नाही ते यामुळे.

आपल्या विदर्भाशी त्यांचं नातं दोन प्रकारचं. ‘भगवान बुद्ध’ हा त्यांचा ग्रंथ १९४० च्या सुमारास नागपूरच्या सुविचार प्रकाशन मंडळाने काढला. मराठीतलं सोपं, सरळ बुद्धचरित्र. चमत्कार बाजूला सारून मूळ पाली ग्रंथांतून माणूस शोधलेला. मोहाडी तालुक्यात बुद्धवंदना पाठ असलेली लेकरं पहिलीच्या वर्गातच भेटतात. आपल्या जिल्ह्यात पवनीला जगन्नाथ टेकडीवर जुन्या स्तूपाचे अवशेष निघाले आहेत. ती वंदना ज्या भाषेत आहे ती पाली, आणि तो स्तूप बांधणाऱ्यांचे ग्रंथ आपल्या मराठीत आणणाऱ्यांत हा गोव्याचा माणूस पहिल्या फळीतला. सहलीला पवनीला जाल तेव्हा मुलांना हे नाव नक्की सांगा.

दुसरं नातं सेवाग्रामचं. शरीर थकलं, आपण आता कोणाच्या उपयोगाचे नाही असं त्यांना वाटू लागलं, तेव्हा त्यांनी अन्नत्यागाचा निर्णय घेतला. गांधीजींनी एकदा त्यातून परत फिरवलं. पण अखेर ४ जून १९४७ रोजी सेवाग्रामच्या आश्रमात त्यांचं निधन झालं. स्वातंत्र्याला अडीच महिनेही उरले नव्हते. लहान मुलांना शिकवताना हा भाग सांगूच नका. ते वयात आल्यावर वाचतील.

राहिला विसुद्धिमग्ग. १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने तो देवनागरी लिपीत काढला, संपादक धर्मानंद कोसंबी. हार्वर्डची प्रत मात्र १९५० मध्ये बाहेर आली. वॉरन जाऊन एक्कावन्न वर्षं झाली होती. वुड्स गेले होते, लॅनमन गेले होते, धर्मानंद जाऊनही तीन वर्षं लोटली होती. ग्रंथमालेतला तो एक्केचाळिसावा खंड. मुखपृष्ठावर संपादक म्हणून वॉरनचं नाव आहे आणि त्याखाली, सुधारून तयार करणारे म्हणून, धर्मानंद कोसंबी.