भुलीचं माप ठरवणारा डॉक्टर

भोर-वेल्ह्यातल्या एखाद्या घरात धाकट्याचं ऑपरेशन ठरलं की आजीचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘भूल देणार?’ आजीच्या त्या धास्तीला तुम्ही हसू नका. हाच प्रश्न जॉन स्नो या डॉक्टरनं आयुष्यभर सोडवला.

स्नोचा जन्म १८१३चा, इंग्लंडमधल्या यॉर्क गावी. बाप मजूर, घरात नऊ भावंडं, हा थोरला. चौदाव्या वर्षी न्यूकॅसलच्या डॉक्टरकडे उमेदवारीला लागला. पटकीची साथ दूषित पाण्यातून पसरते, हे लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरच्या पंपापर्यंत माग काढून दाखवणारा स्नो तो हाच.

१८४७च्या नोव्हेंबरात क्लोरोफॉर्मची भूल आली. कापडावर ओतायचं आणि नाकाशी धरायचं, इतकं सोपं! पण २८ जानेवारी १८४८ला न्यूकॅसलजवळच हॅना ग्रीनर ही पंधरा वर्षांची मुलगी दगावली. ऑपरेशन कसलं, तर पायाचं नख काढायचं.

स्नोनं औषधाला नाही, अंदाजपंचे कारभाराला दोष दिला. वाफ एकदम दाट गेली तर हृदयच थांबतं, असं त्याचं म्हणणं. हवेत क्लोरोफॉर्म शेकडा चार-पाचच्या वर जाऊ नये म्हणून त्यानं खास उपकरण वापरलं, प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवली. चार हजारांवर लोकांना त्यानं क्लोरोफॉर्म दिलं. त्यात तान्ही मुलं होती, तशी राणी व्हिक्टोरियाही. १८५८मध्ये, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी तो गेला.

वाद मात्र संपला नाही. १८८९मध्ये आपल्या हैदराबादेत निजामानं नेमलेल्या आयोगानं सांगितलं, की श्वास सांभाळा, हृदयाला थेट धोका नाही. १९११मध्ये गुडमन लेव्हीनं ते खोडून काढलं : भूल हलकी असताना अंगात ॲड्रेनलिन उसळलं, तर हृदयाची लय बिघडून ते बंद पडू शकतं.

पुढे आलेल्या हॅलोथेननंही मुलांचे ठोके मंदावत, चुकत. आता मुलांना बहुधा सेव्होफ्लुरेन देतात. हृदयाच्या लयीला ते त्या मानानं सौम्य. तरी प्रत्येक ठोक्यावर मॉनिटरची नजर असते.

म्हणून घरात कुणाचं ऑपरेशन असेल, तर भूलतज्ज्ञांपासून काही लपवू नका. पोरगं कधी चक्कर येऊन पडलंय? छातीत धडधडतं? नात्यात कुणी तरुणपणी अचानक गेलंय? न विचारताही सांगा. माप चुकू नये म्हणून ही माहितीही लागते.