विश्लेषण : बीथोव्हनला ऐकू का येईनासे झाले? अशा बहिरेपणावर आज उपचार आहेत का?

लुडविग व्हान बीथोव्हनने नववी सिम्फनी रचली तेव्हा त्याला जवळपास काहीच ऐकू येत नव्हते, हे अनेकांना माहीत असते. पण त्रास सुरू झाला तेव्हा तो जेमतेम २७-२८ वर्षांचा होता आणि पुढची काही वर्षे त्याने तो लोकांपासून लपवला, हे फारसे सांगितले जात नाही. त्याच्या कानात काय बिघडले होते आणि तसाच रुग्ण आज दवाखान्यात आला तर काय होईल, ते पाहू.

सुरुवात कशी झाली?

बीथोव्हनचा जन्म १७७० मध्ये जर्मनीतील बॉन शहरात झाला. १७९२ मध्ये तो व्हिएन्नाला गेला आणि काही वर्षांतच पियानोवादक म्हणून त्याचे नाव झाले. १७९८ च्या सुमारास त्याला कमी ऐकू येऊ लागले. कानात रात्रंदिवस गुंजारव चाले. १८०१ मध्ये त्याने आपला बालमित्र डॉ. फ्रान्झ वेगेलर याला पत्रातून हे कळवले. संगीतकारालाच ऐकू येत नाही हे सांगायचे कसे, या संकोचापायी जवळपास दोन वर्षे तो लोकांत मिसळणे टाळत होता.

पत्रातील तपशील डॉक्टरांना उपयोगी पडावेत असे आहेत. थोडे दूर बसले की वाद्यांचे आणि गायकांचे उंच स्वर ऐकू येत नसत. कोणी हळू बोलले तर आवाज कळे, शब्द कळत नसत. आणि कोणी ओरडून बोलले की ते सहन होत नसे.

ही लक्षणे काय सांगतात?

बहिरेपणाचे ढोबळ दोन प्रकार आहेत. कानात मळ साचणे, पडद्याला भोक पडणे किंवा मधल्या कानातील हाडांची साखळी अडकणे, यामुळे आवाज आत पोहोचत नाही. हा झाला पहिला प्रकार. दुसऱ्यात आवाज आतपर्यंत पोहोचतो, पण आतला कान किंवा श्रवणाची नस त्याचा संदेश मेंदूपर्यंत नीट नेत नाही. यालाच सेन्सरीन्यूरल बहिरेपणा म्हणतात.

आतल्या कानात शंखाच्या आकाराचा कॉक्लिया असतो. त्यात जन्मतः सुमारे १५ हजार सूक्ष्म केसपेशी असतात. उंच स्वर टिपणाऱ्या पेशी कॉक्लियाच्या तोंडाशी असतात आणि बहुतेक वेळा आधी त्यांनाच इजा होते. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारख्या व्यंजनांचा आवाज याच पट्ट्यात येतो. म्हणून बोलणे ऐकू येते, पण समजत नाही. मोठा आवाज अचानक असह्य होणे हेही आतल्या कानाच्या बिघाडाचे लक्षण आहे. बीथोव्हनच्या तक्रारी याच्याशी जुळतात.

त्या काळी काय उपचार झाले?

कानात बदामाचे तेल, थंड पाण्याने अंघोळ, मग डॅन्यूबच्या कोमट पाण्याने अंघोळ, दंडांवर फोड आणणारी झाडाची साल असे सगळे करून झाले. यातले काहीही आतल्या कानापर्यंत पोहोचणारे नव्हते. डॉ. योहान श्मिट यांच्या सल्ल्याने १८०२ मध्ये तो शांततेसाठी हाइलिगेनश्टाट या गावी राहिला. तिथे ऑक्टोबरमध्ये त्याने आपल्या भावांच्या नावे एक मजकूर लिहिला. जीव देण्याचा विचार मनात आला होता, पण संगीताने थांबवले, असे त्यात आहे. आपल्या मृत्यूनंतर श्मिट यांनी या आजाराचे वर्णन लिहावे, म्हणजे आपण माणूसघाणे नव्हतो हे लोकांना कळेल, अशीही विनंती त्यात आहे. हा कागद त्याने कधी पाठवलाच नाही. श्मिट १८०९ मध्येच वारले आणि कागद सापडला तो १८२७ मध्ये, बीथोव्हनच्या मृत्यूनंतर.

पुढे काय झाले?

मेट्रोनोमसाठी ओळखल्या जाणाऱ्या योहान मेल्झेलने त्याला कानाला लावायचे कर्णे बनवून दिले. पण कर्णा आवाज फक्त मोठा करतो, स्पष्ट करत नाही. दातात काठी धरून ती पियानोला टेकवायची, ही गोष्टही सांगितली जाते. हाडातून जाणारी कंपने बाहेरचा आणि मधला कान टाळतात; बिघाड आतल्या कानात असेल तर त्यांचा उपयोग मर्यादितच. १८१४-१५ नंतर त्याचे जाहीर पियानोवादन थांबले. १८१८ पासून भेटायला येणारे लोक वहीत लिहून बोलू लागले. तो मात्र बहुधा तोंडी उत्तर देई, त्यामुळे या वह्यांत संभाषणाची एकच बाजू उरली आहे. ७ मे १८२४ रोजी नवव्या सिम्फनीच्या पहिल्या प्रयोगात टाळ्या दिसाव्यात म्हणून त्याला श्रोत्यांकडे वळवावे लागले, असे सांगतात.

कारण सापडले का?

मृत्यूनंतर झालेल्या शवविच्छेदनात श्रवणाच्या नसा आक्रसलेल्या आढळल्या. २०२३ मध्ये त्याच्या केसांतील जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात यकृताच्या आजाराचा अनुवंशिक धोका आणि हिपॅटायटिस बी संसर्ग दिसला, बहिरेपणाचे कारण मिळाले नाही. २०२४ मध्ये केसांत शिशाचे मोठे प्रमाण आढळले. ऐकू कमी येण्यात त्याचा हात असू शकतो, पण ते सिद्ध झालेले नाही.

आज असा रुग्ण आला तर?

माणसाच्या मेलेल्या केसपेशी आजही पुन्हा उगवत नाहीत. पण ऑडिओमेट्रीतून कोणता स्वर किती कमी ऐकू येतो हे कळते आणि श्रवणयंत्र नेमका तोच पट्टा वाढवते. त्याचाही उपयोग होत नसेल, तर कॉक्लियर इम्प्लांट केसपेशींना वगळून थेट श्रवणाच्या नसेला विद्युत संकेत देते. मात्र त्यासाठी नस काम करणारी हवी. नंतर ऐकण्याचा सरावही लागतो. ऐकू येणे पूर्ववत होत नाही, पण संवाद शक्य होतो.

वय, मोठे आवाज, गालगुंड, मेंदुज्वर, जेंटामायसिनसारखी काही औषधे आणि अनुवंशिकता ही मुख्य कारणे आहेत. एका कानाला अचानक ऐकू येईनासे झाले, तर मात्र ती तातडीची बाब समजावी. स्टिरॉइड उपचार पहिल्या काही दिवसांत, फार तर दोन आठवड्यांत सुरू झाले तर ऐकू येणे परतण्याची शक्यता अधिक असते.

बीथोव्हनने त्रास सांगितला असता, तरी त्या काळच्या डॉक्टरांकडे इलाज नव्हता. आज तो आहे. तरीही चष्मा सहज लावणारी माणसे श्रवणयंत्र वर्षानुवर्षे टाळतात. घरात कोणी टीव्हीचा आवाज वाढवत असेल, चारचौघांत गप्प राहू लागले असेल, तर स्वभाव बदलला असे ठरवण्याआधी कानाची तपासणी करून घ्यावी.