तोफ उडवून तुरुंगात गेलेल्या पोराने मज्जापेशींचं गुपित ओळखलं

वय वर्षं ११. घरी बनवलेल्या तोफेने शेजाऱ्याचं फाटक उडवलं म्हणून स्पेनमधल्या या पोराची रवानगी थेट तुरुंगात झाली. नाव सान्तियागो रामोन इ काहाल, जन्म १८५२ चा.

पोराला चित्रकार व्हायचं होतं. डॉक्टर असलेल्या वडिलांना हे थेर मान्य नव्हते. त्यांनी त्याला न्हाव्याच्या हाताखाली ठेवलं, बूट शिवायलाही धाडलं. शेवटी दफनभूमीत नेऊन हाडांची चित्रं काढायला लावली आणि गाडी रुळावर आली. पुढे काहाल डॉक्टर झाले, लष्करातून क्युबाला गेले आणि मलेरिया घेऊन परतले.

१८८७ मध्ये माद्रिदला त्यांनी इटलीच्या कामिलो गोल्जींच्या पद्धतीने रंगवलेल्या काचपट्ट्या पाहिल्या. चांदीच्या क्षाराने मोजक्याच मज्जापेशी काळ्याभोर होतात, बाकीच्या दिसतच नाहीत. गोल्जींच्या मते मज्जासंस्था हे एकसलग जाळं होतं. काहालना नेमकं उलटं दिसलं, प्रत्येक पेशी सुटी! पण स्पॅनिशमध्ये छापलेलं वाचणार कोण? मग १८८९ मध्ये काचपट्ट्या घेऊन त्यांनी बर्लिन गाठलं आणि तिथे नामांकित कोलिकरना पटवलं.

आता, पेशी सुट्या असतील तर वाढणाऱ्या तंतूला वाट कशी सापडते? कोंबडीच्या गर्भात काहालना तंतूच्या टोकाशी शंकूसारखा भाग दिसला. १८९२ मध्ये त्यांनी तर्क मांडला, की काही रसायनं या टोकाला ओढून घेत असावीत. १९०६ चं नोबेल त्यांना मिळालं, तेही गोल्जींसोबत वाटून. गोल्जींनी आपल्या नोबेल व्याख्यानातही जाळ्याचाच हेका धरला!

१९३४ मध्ये काहाल वारले. तोवर असं रसायन कुणाच्या हाती लागलं नव्हतं. १९५० च्या दशकात रिटा लेव्ही-मोंटालचिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांनी ‘नर्व्ह ग्रोथ फॅक्टर’ शोधला, त्याला १९८६ चं नोबेल मिळालं. तो काम कसा करतो, याचा मोठा धागा १९९१ मध्ये सापडला. पेशीच्या पृष्ठभागावर ट्रक-ए नावाचे ग्राहक असतात. ग्रोथ फॅक्टर चिकटला की दोन ग्राहक जोडीने येतात आणि एकमेकांवर फॉस्फेट चढवतात. असं फॉस्फेट चढवणारं प्रथिन म्हणजे कायनेज. एक कायनेज दुसऱ्याला जागं करतं, आणि निरोप केंद्रकापर्यंत पोहोचतो: जगायचं, वाढायचं. गर्भात गरजेपेक्षा जास्त मज्जापेशी तयार होतात. त्यातल्या ज्यांना हा निरोप मिळत नाही, अशा कित्येक मरून जातात.