विश्लेषण : देशाच्या पहिल्या निवडणुकीच्या मतपेट्या विक्रोळीत कशा घडल्या? कोण होते पिरोजशा गोदरेज?

मतदान संपले की ईव्हीएम स्ट्राँगरूममध्ये जातात. दाराला सील लागते, बाहेर पहारा बसतो. १९५१-५२च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत यंत्रे नव्हती, सगळा भरवसा मतपेटीवर होता. देशभरात वापरलेल्या सुमारे २५ लाख पेट्यांपैकी जवळपास निम्म्या पेट्या घाटकोपर आणि मुलुंडच्या मधल्या विक्रोळीत तयार झाल्या. त्या घडवणाऱ्या कारखान्यामागे होते पिरोजशा गोदरेज.

पिरोजशा कोण होते?

पारशी कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या पिरोजशांचे थोरले भाऊ अर्देशीर वकिली सोडून उद्योगात उतरले. १८९७मध्ये त्यांनी लालबागला कुलुपे बनवायला सुरुवात केली. अर्देशीर संशोधक वृत्तीचे, तर पिरोजशांनी व्यवसायाचा विस्तार केला. कुलुपांपाठोपाठ तिजोऱ्या आणि पोलादी कपाटे आली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या गोदीत भीषण स्फोट झाला. त्या आगीतही गोदरेजच्या तिजोऱ्यांमधील ऐवज शाबूत राहिला आणि कंपनीचे नाव आणखी मोठे झाले.

विक्रोळीच का?

लालबागची जागा अपुरी पडू लागली होती. १९४३मध्ये पिरोजशांनी लिलावात विक्रोळीची विस्तीर्ण जमीन घेतली. तेव्हा हा भाग शहरापासून दूर होता, एका बाजूला खाडी आणि खारफुटी होती. तिथे नवा कारखाना उभा राहत असतानाच निवडणुकीचे काम आले. पहिल्याच प्लांटमधून मतपेट्या बाहेर पडू लागल्या.

इतक्या पेट्या कशासाठी?

मतदार होते सुमारे १७ कोटी आणि त्यातील बहुसंख्य निरक्षर. त्यामुळे प्रत्येक उमेदवाराला स्वतंत्र पेटी आणि पेटीवर त्याचे चिन्ह, अशी पद्धत ठरली. मतदाराने पडद्याआड जाऊन आपल्या उमेदवाराच्या पेटीत मतपत्रिका टाकायची. मत कोणाला दिले हे गावच्या सावकाराला किंवा मालकाला कळू नये, ही पडद्यामागची सोय. पण याच आडोशात पेट्यांवर अधिकाऱ्यांची नजर नसे. एका पेटीतील मतपत्रिका काढून दुसरीत टाकता आल्या असत्या, तर सारे मुसळ केरात गेले असते. शिवाय पेटी वाटेत उघडल्याची नुसती शंका आली, तरी हरलेल्या बाजूचा रोष ती नेणाऱ्या कर्मचाऱ्यावरच निघाला असता. म्हणजे पेटीचे कुलूप मतांइतकेच कर्मचाऱ्यालाही जपणारे होते.

पाच रुपयांत कुलूप कसे बसले?

खरी अडचण खर्चाची होती. एका पेटीसाठी साधारण पाच रुपयांची मर्यादा होती आणि बाहेरून वेगळे कुलूप लावले तर ती ओलांडली जात होती. कारखान्यातील एका कारागिराने कुलूप पेटीच्या आतच बसवण्याची युक्ती काढली. एकदा बंद केलेली पेटी कागदी सील फाडल्याशिवाय उघडत नसे. फाटलेले सील मतमोजणीच्या टेबलावर कोणालाही दिसले असते. काम जोरात असताना दिवसाला १५ हजारांवर पेट्या बनत होत्या. सुमारे चार महिन्यांत १२.८३ लाख पेट्या तयार झाल्या आणि विक्रोळी स्टेशनवरून रेल्वेने देशभर गेल्या.

पुढे काय झाले?

१९६२च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून एकाच मतपत्रिकेवर शिक्का मारण्याची पद्धत आली आणि उमेदवारागणिक पेटी ठेवण्याची गरज संपली. पिरोजशांच्या हयातीतच विक्रोळीत टाइपरायटर आणि रेफ्रिजरेटरही बनू लागले. कामगारांसाठी वसाहत उभी राहिली. तिथला पिरोजशानगर हा पत्ता आजही त्यांचेच नाव सांगतो. १९७२मध्ये त्यांचे निधन झाले.

मतपेटी आजही दिसते का?

हो. विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत अजूनही मतपत्रिका आणि मतपेटीच वापरतात. ईव्हीएमच्या मतदानातही जुने सूत्र कायम आहे. मतदानापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान होते, यंत्राच्या कागदी सीलवर त्यांना सही करता येते आणि शेवटी किती मते नोंदली गेली, याची प्रत त्यांच्या हाती दिली जाते.