दोन्ही बाजूंना सारखी धार

सबमिशनच्या आठवड्यात आपल्या कॉलेजमधली निम्मी मुलं साधू दिसायला लागतात, आणि व्हायवाच्या सकाळी तीच मुलं गुळगुळीत गालांनी एक्स्टर्नलसमोर उभी असतात. या चमत्कारामागे ज्या माणसाचा हात आहे, त्याचं नाव दुकानात रोज घेतलं जातं. फक्त ते एका माणसाचं नाव आहे, हे आपण विसरलोय. किंग कॅम्प जिलेट. यातलं ‘किंग’ ही पदवी नाही बरं का, पाळण्यातलं नाव आहे! आता मी मुलगी असून दाढीच्या रेझरवर का लिहितेय, असा प्रश्न पडला असेल तर थोडा धीर धरा. कारण अगदी मेकॅनिकल आहे.

जिलेटचा जन्म ५ जानेवारी १८५५ चा, अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातला. तो वाढला मात्र शिकागोत. १८७१ मध्ये शिकागोला प्रचंड आग लागली आणि त्याच्या वडिलांचा हार्डवेअरचा धंदा त्यात बुडाला. सोळा वर्षांचा किंग नोकरीला लागला आणि पुढे फिरता विक्रेता झाला. बॅग उचलायची, आगगाडीत बसायचं, गावोगाव माल खपवायचा. इंजिनिअरिंगची डिग्री वगैरे काही नाही. पण डोकं सतत चालू.

१८९० च्या दशकात तो विल्यम पेंटरच्या कंपनीसाठी काम करत होता. हा पेंटर म्हणजे बाटलीचं पत्र्याचं बूच शोधून काढणारा माणूस. सोड्याच्या बाटलीचं आपण ओपनरने उडवतो ना, तेच. पेंटरने जिलेटला सल्ला दिला की, लोक एकदा वापरतील, फेकून देतील आणि परत विकत घ्यायला येतील, अशी एखादी वस्तू शोध. सल्ला डोक्यात बसला. म्हणतात की जिलेट ए पासून झेड पर्यंत वस्तूंची यादी करून विचार करायचा, पण काही सुचेना.

सुचलं ते १८९५ मध्ये, बोस्टनजवळच्या ब्रुकलाइनच्या घरी, दाढी करायला उभा असताना. रेझर बोथट झाला होता, नुसता चामड्याच्या पट्ट्यावर घासून भागण्यासारखा नव्हता. तेव्हा पातं जाड पोलादाचं घडवलेलं असायचं आणि त्याला वारंवार धार लावावी लागायची. गार्ड असलेले सेफ्टी रेझर बाजारात आधीपासून होते, पण त्यांचंही पातं जाडच. जिलेटच्या लक्षात आलं की दाढी करते ती फक्त धार. बाकीचं सगळं पोलाद त्या धारेला आधार द्यायला आहे. मग आधार वेगळा करून टाकला तर? पातं म्हणजे पोलादाची एक पातळ पट्टी, दोन्ही कडांना धार, आणि तिला घट्ट धरून ठेवणारं एक डोकं. पट्टी बोथट झाली की फेकून द्या, डोकं कायम ठेवा. त्याने पितळेचे तुकडे, घड्याळाच्या स्प्रिंगची पट्टी, कानस आणि छोटा शिकंजा आणून पहिलं मॉडेल स्वतःच बनवलं.

आणि इथून पुढे सहा वर्षं गाडी अडली. पातळ पत्र्याला टिकाऊ धार लावता येत नाही, असं जाणकारांनी त्याला सांगून टाकलं. त्यात तथ्यही होतं. हीट ट्रीटमेंटचं प्रॅक्टिकल केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे की पातळ पट्टी तापवून एकदम थंड केली की ती पापडासारखी वेडीवाकडी होते. वाकड्या पट्टीला सरळ धार कशी येणार?

१९०१ मध्ये विल्यम निकरसन नावाचा इंजिनिअर या कामात आला. एमआयटीत शिकलेला. पुण्याची नव्हे, बोस्टनची! पातळ पट्टी न वाकवता कडक करायची पद्धत आणि तिला धार लावायची मशिन्स त्याने बसवली. पण मला जास्त आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. रेझरचं खरं मर्म धार आणि गार्ड यांच्यातल्या अंतरात आहे, हे त्याने ओळखलं होतं. ते अंतर अचूक राहायचं तर पट्टीला धरणारं डोकं आणि दांडा भक्कम हवा. म्हणून पट्टी वरच्या आणि खालच्या तबकडीत दाबून किंचित कमानीसारखी वाकवायची. सपाट पट्टी लवते, तीच कमानीत ताठ होते. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचा अख्खा धडा त्या दीड इंचात आहे.

असं म्हणतात की कंपनीला निकरसनचं नाव देण्याचा विचार झाला होता, पण इंग्रजीत ‘निक’ म्हणजे खरचटणं! दाढीच्या वस्तूला ते नाव कोण देणार? नाव जिलेटचं लागलं आणि पुढे पाकिटांवर त्याचा मिशीवाला फोटो आणि सहीसुद्धा आली. निकरसन कुणाला आठवत नाही.

१९०३ मध्ये विक्री सुरू झाली. पहिल्या वर्षाचा आकडा ऐकून आपल्या ई-सेलवाल्यांना धीर येईल : ५१ रेझर आणि १६८ ब्लेड्स! पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला. १५ नोव्हेंबर १९०४ ला पेटंट मिळालं. १९१८ मध्ये अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर मागवले. घरी परतलेल्या त्या पोरांना रोज स्वतः दाढी करायची सवय लागली होती. ब्लेडचं गिऱ्हाईक आयुष्यभराचं झालं.

आता या माणसाची दुसरी बाजू. रेझर सुचण्याच्या एक वर्ष आधी, १८९४ मध्ये, त्याने एक पुस्तक लिहिलं होतं. स्पर्धा हीच सगळ्या दुःखांचं मूळ आहे, म्हणून सगळे उद्योग मिळून जनतेच्या मालकीची एकच कंपनी करावी, आणि नायगारा धबधब्याच्या विजेवर चालणाऱ्या एका अवाढव्य शहरात सगळ्यांनी राहावं, असं त्यात मांडलं होतं. १९१० मध्ये त्याने थिओडोर रूझवेल्टला अशा जागतिक कंपनीचा अध्यक्ष हो म्हणून दहा लाख डॉलर देऊ केले. रूझवेल्टने नकार दिला. जगातली स्पर्धा संपवायला निघालेल्या माणसाने गल्ला भरला तो बाजारातल्या स्पर्धेवरच! मला यात ढोंग दिसत नाही. दोन्ही गोष्टींवर त्याचा मनापासून विश्वास होता. पण रेझरला निकरसन भेटला, त्या शहराला कुणी भेटला नाही. कागदावरच्या कल्पनेला टॉलरन्स देणारा माणूस नसेल तर ती कागदावरच राहते.

शेवट मात्र वाईट झाला. कारभार केव्हाच भागीदारांच्या हातात गेला होता. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. १९३० मध्ये दुसऱ्या ब्लेड कंपनीत विलीन होताना आपल्या कंपनीने नफा फुगवून दाखवल्याचं उघड झालं. १९३१ मध्ये त्याने अध्यक्षपद सोडलं आणि ९ जुलै १९३२ ला कॅलिफोर्नियात तो वारला. कोट्यवधी घरांत चेहरा पोचलेल्या माणसाची बहुतेक संपत्ती तोवर गेलेली होती.

आता ते मेकॅनिकल कारण. जिलेट गेल्यानंतर पंचवीसेक वर्षांनी, १९५८ च्या सुमारास, कंपनीने ॲडजस्टेबल रेझर आणले. डोक्याखालच्या गोल डायलवर १ ते ९ आकडे. डायल फिरवला की गार्ड खाली-वर होतो आणि धारेपुढची फट कमी-जास्त होते. निकरसनने जपलेलं अंतर गिऱ्हाइकाच्या हातात दिलं म्हणा ना! माझे आजोबा बोटीवर नोकरीला होते. त्यांनी न्यूयॉर्क बंदरात घेतलेला असाच एक रेझर आमच्या घरी आहे. डोक्याखाली ‘एल’ अक्षर आहे, म्हणजे १९६६ चा. आजोबा अजून तोच वापरतात. पण अलीकडे एका बाजूने कापायला लागला. त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, त्यामुळे साधं कापलं तरी रक्त लवकर थांबत नाही. घरात सगळे म्हणाले, टाकून द्या तो. मी म्हटलं, आजोबा, मला एक रविवार द्या.

आधी वापरलेलं ब्लेड लावून रेझर डोळ्यांसमोर आडवा धरला. एका बाजूची फट दुसरीपेक्षा स्पष्ट मोठी. दोष कुणाचा? ब्लेड काढून उलटसुलट टोकांनी फिरवून परत लावलं. बहुतेक ब्लेडच्या कोपऱ्यांवर १ ते ४ आकडे असतात, त्यांनी खूण राहते. मोठी फट ब्लेडबरोबर बाजू बदलली असती तर दोष ब्लेडचा. ती जागेवरच राहिली, म्हणजे दोष रेझरचा. मग कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून तासभर भिजत ठेवला आणि जुन्या टूथब्रशने घासला. एका झडपेच्या खालून आणि बिजागरीतून साबणाचा दगडासारखा थर निघाला! त्यामुळे ती झडप पूर्ण बसत नव्हती आणि ब्लेड तिरकं धरलं जात होतं. पक्कड अजिबात लावली नाही. जुन्या झडपा एकदा वाकल्या की संपलं.

उरलेला बारीक फरक ब्लेडच्या खाचेतल्या मोकळीकीचा होता. त्यावर उपाय सोपा आहे. खालची गुंडी जवळजवळ बंद होईपर्यंत फिरवायची, ब्लेडची बिनधारेची दोन टोकं चिमटीत धरून ते मधोमध आणायचं आणि मगच गुंडी घट्ट करायची. आणि डायल बदलण्याआधी गुंडी किंचित सैल करायची. आजोबा इतकी वर्षं घट्ट गुंडीवरच डायल फिरवत होते! आता डायल ३ वर आहे आणि गाल शाबूत आहेत.

आज ही कंपनी दुसऱ्याच बड्या कंपनीच्या मालकीची आहे, आणि प्लास्टिकमध्ये पाच-पाच पाती बसवून अख्खं डोकंच फेकून द्यायची पद्धत आली आहे. जिलेटने फेकायला सांगितली होती ती फक्त पट्टी. डोकं टिकण्यासाठीच बनवलं होतं.

तेव्हा मित्रांनो, दिवाळीत घरी जाल तेव्हा आजोबांचं कपाट उघडून बघा. असा एखादा रेझर सापडला तर भंगारात देऊ नका. आधी धुऊन बघा.