धारच्या डॉक्टरीणबाई : मार्गारेट ओहारा



माळव्यातील धार आणि देवास ही नावे मराठी माणसाला परकी नाहीत. दोन्ही ठिकाणी पवार घराण्याचे राज्य होते. धारच्या किल्ल्यात १७७५ साली राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई बाळंत झाल्या व दुसऱ्या बाजीरावाचा जन्म झाला. पुढे १८०७ साली धारचे आनंदराव पवार वारले, तेव्हा राणी मैनाबाई गरोदर होत्या आणि साऱ्या संस्थानाचे भवितव्य एका बाळंतपणावर येऊन ठेपले होते. राजघराण्यातील बाळंतपणे इतिहासाने नोंदवून ठेवली. पण त्याच गावातील एखाद्या गल्लीत कोणी बाळंतीण दगावली, तर तिचे नाव कोणी टिपून ठेवले नाही. अशा स्त्रियांसाठी ज्या बाईंनी आपले आयुष्य वेचले त्यांची ही ओळख.

मार्गारेट ओहारा यांचा जन्म १८५५ साली कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात झाला. प्रथम त्यांनी शाळेत शिकविले. डॉक्टर व्हावे ही हाक त्यांना तरुणपण ओलांडताना आली. त्या काळी कॅनडातसुद्धा स्त्रियांना हे शिक्षण सहज मिळत नव्हते. किंग्स्टन येथील पुरुष विद्यार्थ्यांनी वर्गात मुली नकोत म्हणून गोंधळ घातला, तेव्हा १८८३ साली तेथे स्त्रियांसाठी वेगळे वैद्यकीय विद्यालय काढावे लागले. किंग्स्टनलाच शिकून ओहाराबाई १८९१ साली वयाच्या छत्तिसाव्या वर्षी डॉक्टर झाल्या आणि त्याच वर्षी प्रेस्बिटेरियन मंडळीतील स्त्रियांच्या मिशनरी संस्थेतर्फे मध्य हिंदुस्थानात आल्या.

१८९१ हे वर्ष आपल्याकडेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. संमतिवयाचा कायदा त्याच वर्षी झाला व ब्रिटिश हद्दीत मुलीचे संमतिवय दहावरून बारा वर्षांवर गेले. एवढ्याशा सुधारणेसही केवढा विरोध झाला! त्याच्या चार वर्षे आधी, १८८७ साली, अमेरिकेत शिकून आलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात निवर्तल्या होत्या. आनंदीबाईंना चौदाव्या वर्षी मूल झाले होते व ते दहा दिवसांतच गेले होते. त्या दुःखातूनच त्या वैद्यकीकडे वळल्या. कोवळ्या वयातील मातृत्व ही त्या काळची घरोघरची गोष्ट होती.

इंदूरला काही काळ सेवा केल्यावर ओहाराबाई १८९५ च्या सुमारास धारला आल्या. रेव्ह. फ्रँक रसेल हेही तेथील कार्यात होते. महाराजांनी जागा दिली आणि स्त्रियांसाठी दवाखाना उभा राहिला. पुढे छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९०० साली, अनाथ मुलांचा सांभाळही मिशनकडे आला. महारोग्यांची सेवा हाही ओहाराबाईंच्या कामाचा एक भाग होता.

वाचकहो, स्त्रियांसाठी वेगळा दवाखाना कशाला, असा प्रश्न आज कोणी विचारील. पुरुष डॉक्टर गावात असला तरी पडद्यातील स्त्रीला तो तपासू शकत नव्हता. मूल अडले तरी सुईण करील तेवढेच. बाळंतिणीला विटाळ मानीत. वापरलेले कापड टाकूनच द्यायचे, म्हणून तिला घरातील जुन्यात जुन्या चिंध्या देत. त्या चिंध्यांतून व न धुतलेल्या हातांतून विषार शरीरात जाई आणि बाळंतज्वर येई. नाळ घाणेरड्या हत्याराने कापली की बालकाला धनुर्वात होई. हात स्वच्छ धुतल्याने बाळंतज्वर टळतो हे व्हिएन्नाच्या सेमेलवाइस यांनी १८४७ सालीच दाखविले होते. ज्ञान जगात होते. ते माजघरापर्यंत नेणारी स्त्री हवी होती.

ओहाराबाई १९२७ साली निवृत्त होऊन मायदेशी गेल्या. १९३१ साली त्यांचे अनुभवांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. सरकारने त्यांना कैसर-इ-हिंद पदक दिले होते. १९४० साली त्या प्रभूमध्ये झोपी गेल्या.

त्यांच्या चरित्राने आपल्यापुढे एक प्रश्न ठेवला आहे. पडदा गेला, पण लाज गेली का? २०१८-२० च्या सरकारी पाहणीत देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावल्या, तर मध्य प्रदेशात १७३. आजही गरोदर सून पायावरची सूज व डोकेदुखी सासूला सांगत नाही. बाळंतपणानंतर दोन आठवडे उलटले तरी जिचे रडणे थांबत नाही, तिला आपण कृतघ्न म्हणतो. ती आजारी असेल हे मनात येत नाही. पाळी बंद होऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तर वयस्क भगिनी ते लपवून ठेवतात. तो कर्करोगाचा इशारा असू शकतो. तेव्हा तपासणीस उशीर करू नये.

पवित्र शास्त्र या विषयास लाजत नाही. शिप्रा व पुवा या सुइणींची नावे निर्गमात आहेत, पण त्या फारोचे नाव तेथे नाही. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली स्त्री गर्दीत लपून आली. प्रभूने तिला विटाळशी म्हणून दूर केले नाही. सर्वांसमक्ष तिचे ऐकून घेतले आणि तिला मुलगी म्हटले.

म्हणून महिला मंडळाच्या पुढाऱ्यांनी वर्षातून एकदा तरी डॉक्टर अथवा नर्स भगिनीला बोलवावे. संडे स्कूलच्या शिक्षिकांनी मोठ्या मुलींना मासिक पाळीविषयी सरळ शब्दांत सांगावे. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी २०१६ पासून सुरू झाली. मंडळीतील कोण गेली, कोण राहिली, याची चौकशी करावी. आणि पुरुषांनो, हे बायकांचे काम म्हणून बाजूला बसू नका. दवाखान्याच्या दारापर्यंत सोबत करणे हीसुद्धा सेवाच आहे.

ओहाराबाई समुद्र ओलांडून आल्या. आपल्याला फक्त शेजारचा उंबरठा ओलांडायचा आहे. प्रभू आपणास तेवढे धैर्य देवो.